जुन्या गाडीचा रेडिएटर फॅन : देखभाल, तपासणी आणि सुधारणा

पुणे-बेंगळुरू महामार्गावर तासभर नीट धावलेली जुनी गाडी तावडे हॉटेलपाशी महामार्ग सोडून कोल्हापूर शहरात शिरते आणि दसरा चौकात पोहोचेपर्यंत तिचा तापमानाचा काटा लाल पट्ट्याला टेकतो. ही तक्रार घेऊन गॅरेजात गेलेल्या मालकाला बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो : मोठा फॅन बसवून घ्या. हा सल्ला कधी कधी बरोबर असतो. पण पुष्कळदा मूळ फॅनमध्ये काहीच दोष नसतो, त्याच्यापर्यंत पुरेसा व्होल्टेज पोहोचत नसतो किंवा त्याने ओढलेली हवा रेडिएटरमधून न जाता बाजूने निसटत असते. अशा गाडीत दुप्पट किमतीचा फॅन बसवला तरी तोही तितकाच दुबळा ठरतो. म्हणून आधी मूळ व्यवस्था पूर्ववत करावी, मग मोजमाप घ्यावे आणि तरीही कमी पडते असे दिसले तरच बदलाकडे वळावे, हा क्रम मी आग्रहाने सांगतो.

दोष फॅनचाच आहे का?

गाडी ताशी ५० ते ६० किलोमीटरच्या पुढे गेली की समोरून येणारा वाराच रेडिएटरला पुरतो आणि फॅनचे काम जवळजवळ संपते. फॅनची खरी गरज असते ती गाडी थांबलेली किंवा रांगत असताना. यावरून निदानाचा पहिला धागा मिळतो. गाडी सिग्नलला तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागताच काटा खाली येतो, तर संशय फॅन, त्याचे वायरिंग किंवा हवेची वाट यांच्यावर घ्यावा. उलट महामार्गावर ८० च्या वेगानेही काटा चढत असेल, तर फॅनला हात लावण्यात अर्थ नाही. तिथे रेडिएटरच्या नळ्यांत साठलेला क्षार, अडकलेला थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप), झिजलेला वॉटर पंप, वेग वाढल्यावर आत चेपली जाणारी खालची होज पाइप किंवा गेलेले हेड गॅसकेट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधले सील) शोधावे लागते.

आपल्या भागातला घाट मात्र या दोन्हींची एकदम परीक्षा घेतो. वैभववाडीहून करूळ घाट चढून गगनबावड्याला येताना किंवा साखरप्याकडून आंबा घाट चढताना इंजिनावर भार पूर्ण असतो, वेग २० ते ३० च्या आसपास असतो आणि कोकणातल्या गरम हवेमुळे थंडावाही कमी मिळतो. शहरात ठीक असलेली गाडी फक्त घाटात तापत असेल, तर फॅन आणि रेडिएटर दोन्ही काठावर आहेत असे समजून दोन्हींची तपासणी करावी.

काम सुरू करण्यापूर्वी

इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय रेडिएटरची कॅप उघडू नये. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढल्याशिवाय विजेच्या फॅनच्या पात्यांत हात घालू नये, कारण काही गाड्यांत इंजिन आणि किल्ली दोन्ही बंद असतानाही तापमान चढले की फॅन आपोआप सुरू होतो. इंजिन चालू ठेवून तपासणी करताना ओढणी, मफलर, सैल बाही यांपैकी काहीही अंगावर नसावे, आणि फिरणाऱ्या पात्यांच्या प्रतलात, म्हणजे तुटलेले पाते ज्या दिशेने उडू शकेल त्या रेषेत, कधीही उभे राहू नये.

आधी हवेची वाट मोकळी करावी

कोल्हापूर परिसरात ऊसतोडणीच्या हंगामात रस्त्याच्या हवेत बरेच काही तरंगत असते : पेटवलेल्या पाचटाची काळी काजळी, ट्रॉलीतून उडणारा पाला, चिपाडाचा भुसा आणि मातीची धूळ. बाहेरून पाहिल्यास रेडिएटरची जाळी स्वच्छ दिसते, कारण हा कचरा साठतो तो आत. एसी असलेल्या गाडीत पुढे कंडेन्सर (एसीची जाळी) आणि मागे रेडिएटर यांच्यामध्ये दोन-तीन सेंटिमीटरची फट असते. वरची पट्टी सोडवून टॉर्चच्या उजेडात त्या फटीत पाहिले, तर अनेक जुन्या गाड्यांत तिथे पाला, मेलेले किडे आणि तेलकट धूळ यांचा नमद्यासारखा दाट थर आढळतो. हा थर बोटाने सोलून निघण्याइतका जाड झाला असेल, तर कोणताही फॅन त्यातून पुरेशी हवा ओढू शकणार नाही.

सफाई करताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढच्या बाजूला, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दिशेच्या उलट, सोडावे. समोरून पाणी मारल्यास कचरा आणखी आत रुततो. साध्या नळाचा दाब पुरे असतो. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप जाळीवर जवळून मारू नये, कारण पातळ पत्र्याच्या पट्ट्या वाकून आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. तेलकट थर असल्यास सौम्य साबणाचे पाणी ब्रशने लावून, थोडा वेळ थांबून मग धुवावे. वाकलेल्या पट्ट्या पातळ पट्टीने किंवा बोथट सुरीने एकेक सरळ करता येतात. हे काम कंटाळवाणे असले तरी त्याचा उपयोग नक्की होतो. जाळीवर काळ्या रंगाचा जाड हात मारून ती नवी दाखवण्याचा प्रकारही दिसतो. त्या रंगाने उष्णता अडते, म्हणून तो टाळावा.

रेडिएटरच्या कडेला मूळचे रबर किंवा फोमच्या पट्ट्या असतात, त्या गळून पडल्या असतील तर नव्या चिकटवाव्यात. या पट्ट्या नसल्या की इंजिनाकडची गरम हवा कडेने पुढे येते आणि फॅन तीच हवा पुन्हा ओढत राहतो.

पट्ट्यावर चालणारा फॅन

ॲम्बेसेडर, प्रीमिअर पद्मिनी आणि जुन्या जीपमध्ये फॅन वॉटर पंपाच्या पुलीवरच बसवलेला असतो आणि फॅन बेल्ट त्याला फिरवतो. त्याची रचना साधी आहे आणि त्यामुळेच तो विश्वासार्ह आहे. बेल्टच्या सर्वांत लांब पदराच्या मध्यावर अंगठ्याने जोर दिल्यास तो साधारण १० ते १३ मिलिमीटर दबला पाहिजे. यापेक्षा ढिला असला तर घसरतो, जास्त ताणलेला असला तर पंपाचे आणि डायनामो किंवा अल्टरनेटर या वीज तयार करणाऱ्या यंत्राचे बेअरिंग खातो. बेल्टच्या आतल्या बाजूला आडव्या भेगा असल्या, कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असल्या किंवा बेल्ट पुलीच्या खोबणीत तळाला टेकत असेल, तर तो बदलावा. व्ही आकाराचा बेल्ट कडांनी पकड घेतो, तळाने नव्हे. नवा बेल्ट पहिल्या काही दिवसांत थोडा सैलावतो, त्यामुळे त्याचा ताण पुन्हा पाहून घ्यावा लागतो.

बेल्ट काढलेलाच आहे तोवर फॅन दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे आणि वर-खाली हलवून पाहावा. खडखड जाणवली तर वॉटर पंपाचे बेअरिंग गेले आहे. पंपाच्या खालच्या बारीक भोकातून कूलंटचे ओघळ आले असतील तर सील गेले आहे. पात्यांची तपासणी रिव्हेटपासून सुरू करावी, कारण पत्र्याच्या फॅनमध्ये केसासारखी बारीक भेग तिथेच पडते. भेग पडलेला फॅन वेल्डिंग करून पुन्हा वापरू नये. प्लॅस्टिकचे पाते चिकटवू नये. वाकलेले एक पाते ठोकून सरळ केले तरी फॅनचा तोल जातो आणि त्याची किंमत पंपाच्या बेअरिंगला मोजावी लागते.

नंतरच्या अनेक डिझेल गाड्यांत बेल्ट आणि फॅन यांच्यामध्ये व्हिस्कस क्लच असतो. त्यात सिलिकॉनचे तेल असते आणि पुढच्या बाजूच्या द्विधातूच्या पट्टीला गरम हवा लागली की ते तेल क्लच घट्ट पकडते. इंजिन चांगले तापवून बंद करावे आणि फॅन हाताने फिरवावा. त्याने स्पष्ट विरोध केला पाहिजे. एका झटक्यात तो तीन-चार फेरे सुटा फिरत असेल, तर क्लच निकामी झाला आहे. क्लचच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेने गेलेले तेलकट, धूळ चिकटलेले किरणांसारखे ओघळ ही दुसरी खूण आहे. असा क्लच बोल्ट मारून कायमचा जाम करण्याचा तोडगा घरी परत येण्यापुरता ठीक आहे. कायमचा ठेवला तर इंजिनाचे फेरे दुप्पट झाल्यावर फॅनला लागणारी शक्ती आठपट होते, डिझेल वाया जाते आणि पाती तुटण्याचा धोका वाढतो.

विजेवर चालणारा फॅन

मारुती ८०० सारख्या आडव्या इंजिनाच्या गाडीत पुली समोर येतच नाही, म्हणून तिथे विजेचा फॅन असतो. तो सुरू होत नसेल तर क्रमाने फ्युज, रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), थर्मो स्विच (ठरावीक तापमानाला फॅन चालू करणारा स्विच), अर्थ (बॉडीमार्गे बॅटरीकडे परतणारी जोडणी) आणि शेवटी मोटर पाहावी. कार्बुरेटरच्या जुन्या गाड्यांत थर्मो स्विचचे सॉकेट काढून त्याच्या दोन वायरी तारेने जोडल्या आणि किल्ली चालू केली की फॅन फिरला पाहिजे. फिरला तर स्विच खराब, नाही फिरला तर दोष पुढे आहे. एमपीएफआय, म्हणजे संगणकाच्या नियंत्रणाने पेट्रोल फवारणाऱ्या, गाड्यांत मात्र ही युक्ती करू नये, कारण तिथली वायर साध्या स्विचची नसून संगणकाकडे जाणाऱ्या सेन्सरची असू शकते.

फॅन फिरतो आहे पण जोर नाही, ही अवस्था अधिक फसवी असते आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट असतात. फॅन चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी मोटरच्या पॉझिटिव्ह टोकावर धरावी. मीटरवर जो आकडा दिसेल तेवढा व्होल्टेज वाटेतच हरवतो आहे. हीच मोजणी मोटरचे निगेटिव्ह टोक आणि बॅटरीचे निगेटिव्ह यांच्यामध्येही करावी. कोणत्याही बाजूला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर ती बाजू दुरुस्त करावी. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत दोन्ही बाजू मिळून तीन व्होल्ट सहज हरवतात. मोटरला १४ ऐवजी ११ मिळाले की फॅनचा वेग उतरतो आणि वेगाच्या प्रमाणात हवाही उतरते. कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही : फ्युजच्या किंवा मोटरच्या सॉकेटचे पांढरे प्लॅस्टिक एका टोकाशी तपकिरी होऊन वितळलेले दिसते, किंवा बॉडीला लावलेल्या अर्थच्या बोल्टखाली गंज आणि रंग अडकलेला असतो. तो बोल्ट काढून, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून, वायरीच्या टोकाला नवे लग (धातूची कडी) लावून घट्ट आवळले की अर्धे काम होते.

मोटर हाताने ठोकल्यावरच सुरू होत असेल तर आतले कार्बन ब्रश संपत आले आहेत. चरचर किंवा घरघर येत असेल तर बुश झिजले आहेत. ज्या मोटरचे पाठीमागचे झाकण उघडते, तिला चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन कार्बन आणि बुश बदलून आणखी काही वर्षे चालवून देतो. माझ्या मते अनोळखी बनावटीची स्वस्त मोटर घेण्यापेक्षा मूळ मोटर अशी दुरुस्त करून घेणे चांगले.

थर्मो स्विच गरम पाण्यात तपासताना कोल्हापूरकरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपले शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे, त्यामुळे उघड्या भांड्यातले पाणी येथे १०० ला नव्हे, तर सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळते. ८२ किंवा ८८ चा थर्मोस्टॅट पाण्यात व्यवस्थित उघडताना दिसेल. पण ९८ किंवा त्याहून वरचा थर्मो स्विच उकळत्या पाण्यातही जोडला जाणार नाही आणि चांगला स्विच विनाकारण फेकला जाईल. अशा स्विचसाठी पाण्याऐवजी खाद्यतेल वापरावे, मंद आचेवर, थर्मामीटर बुडवून ठेवून आणि पाण्याचा थेंबही तेलात पडू न देता.

सुधारणा : श्राउड आणि रिले

कोणतीही सुधारणा करायची तर सुरुवात श्राउडपासून करावी. श्राउड म्हणजे रेडिएटरची पूर्ण जाळी मागून झाकून हवा फॅनच्या तोंडाशी आणणारे पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे आवरण. ते नसेल तर फॅन फक्त आपल्या गोलासमोरच्या भागातून हवा ओढतो, जाळीचे कोपरे बेकार राहतात आणि पात्यांच्या टोकांवरून हवा उलटी फिरते. जुन्या गाड्यांत दुरुस्तीच्या वेळी काढलेला श्राउड परत बसवायचा राहून गेल्याचे फार वेळा दिसते. बाजारात मिळाला नाही तर शिवाजी उद्यमनगरात तो करून घेता येतो. शेतीच्या ऑइल इंजिनांपासून ओतकामापर्यंत सर्व काही हाताळलेल्या त्या परिसरात पत्र्याच्या कामाला कारागीर शोधावा लागत नाही. कागदी पुठ्ठ्याचा साचा आधी गाडीवर बसवून पाहावा आणि मगच पत्रा कापायला द्यावा. इंजिनावर बसलेल्या फॅनची पाती निम्मी श्राउडच्या आत आणि निम्मी बाहेर असावीत, आणि टोकांभोवती १५ ते २० मिलिमीटर जागा असावी, कारण रेस दिल्यावर इंजिन माउंटिंगवर हलते. श्राउडवरच बसवलेल्या विजेच्या फॅनला पाच-सहा मिलिमीटर पुरतात. पूर्ण झाकलेल्या श्राउडमुळे महामार्गावरचा वारा अडू नये, म्हणून कोपऱ्यांत खिडक्या कापून त्यांवर वाऱ्याने उघडणाऱ्या रबरी झडपा लावाव्यात.

दुसरी सुधारणा रिलेची. ज्या जुन्या गाडीत फॅनचा सगळा प्रवाह थर्मो स्विचमधून किंवा इग्निशन स्विचमधून जातो, तिथे ४० अँपिअरचा रिले लावावा. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून येणारी वायर फ्युजमधून रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला, ८७ वरून मोटरला, ८६ ला किल्लीने चालू होणारा पॉझिटिव्ह आणि ८५ वरून थर्मो स्विचमार्गे अर्थ, अशी जोडणी होते. फ्युज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच असावा. मोटर चालताना १० अँपिअर घेत असेल तर १५ चा फ्युज आणि किमान अडीच चौरस मिलिमीटरची वायर, १५ ते २० घेत असेल तर २५ किंवा ३० चा फ्युज आणि चार चौरस मिलिमीटरची वायर वापरावी. फॅन डॅशबोर्डवरच्या बटणाने डायरेक्ट करून देण्याची पद्धत प्रचलित आहे. ते बटण आणीबाणीसाठी थर्मो स्विचला समांतर जोडलेले असावे, त्याच्या जागी नव्हे, कारण मालक विसरला तरी थर्मो स्विच विसरत नाही.

जुन्या गाडीत विजेचा फॅन

ॲम्बेसेडर किंवा पद्मिनीतला पट्ट्याचा फॅन काढून विजेचा बसवण्यापूर्वी हिशेब मांडावा. रात्री पावसात दोन हेडलाइट सुमारे १० अँपिअर घेतात, इग्निशन चार-पाच, वायपर तीन-चार. त्यात फॅनचे १२ ते १५ मिळवले की बेरीज तीसच्या घरात किंवा पुढे जाते. जुन्या गाड्यांतला डायनामो पूर्ण वेगातही वीस-बावीस अँपिअरच्या आसपास देतो आणि इंजिन आयडलिंगवर असताना, म्हणजे फॅनची गरज सर्वाधिक असते त्याच वेळी, जवळजवळ काहीच देत नाही. डायनामोच्या गाडीत विजेचा मुख्य फॅन बसवू नये, आधी अल्टरनेटर बसवावा. फार जुन्या गाडीत बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडले आहे तेही पाहावे. पॉझिटिव्ह अर्थ असेल तर मोटर उलटी फिरेल. माझे स्पष्ट मत असे की, एसी नसलेल्या आणि मूळ इंजिनाच्या गाडीत पट्ट्याचा फॅन ठेवून चांगला श्राउड बसवणे पुरेसे होते. विजेचा फॅन सार्थ ठरतो तो एसी बसवलेल्या, इंजिन बदललेल्या किंवा रोज गर्दीत चालणाऱ्या गाडीत.

बसवायचाच असेल तर रेडिएटरच्या मागे राहून हवा ओढणारा फॅन निवडावा. पुढे राहून हवा ढकलणारा फॅन जागा नसेल तरच घ्यावा, कारण वेगात तोच वारा अडवतो. ओढणारा फॅन केवळ वायरी उलट्या करून ढकलणारा बनवू नये, कारण पात्यांचा बाक एकाच दिशेसाठी घडवलेला असतो. जाळीतून प्लॅस्टिकच्या काड्या आरपार घालून फॅन टांगण्याची सोय विक्रेते देतात; त्या काड्या थरथरून नळ्या घासतात आणि काही महिन्यांत गळती लागते, म्हणून रेडिएटरच्या बाजूच्या चौकटीला पट्ट्यांचे ब्रॅकेट करून घ्यावे. जुना फॅन काढल्यावर पुलीचे मूळ बोल्ट लांब पडतात. तेच आवळले तर ते तळाला टेकतात आणि पुली ढिली राहते, म्हणून आखूड बोल्ट किंवा योग्य जाडीचे स्पेसर वापरावेत.

थर्मो स्विचची निवड थर्मोस्टॅटशी जुळली पाहिजे. ८२ ला उघडणाऱ्या थर्मोस्टॅटसोबत साधारण ९२ ते ९५ ला जोडणारा आणि ८७ च्या आसपास तोडणारा स्विच योग्य ठरतो. तो ८२ च्या खाली तोडणारा निवडला तर फॅन कधी बंदच होणार नाही. स्विच रेडिएटरच्या खालच्या टाकीत बसत असेल तर तिथले पाणी वरच्यापेक्षा काही अंशांनी थंड असते, हे धरून कमी अंशाचा घ्यावा. एसी असल्यास कॉम्प्रेसर सुरू होताच फॅनही सुरू व्हावा, अशी जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी.

फॅन योग्य दिशेने ओढतो की नाही, हे पाहायला वर्तमानपत्राचा अर्धा कागद पुरतो : फॅन चालू असताना तो समोरच्या जाळीवर धरून सोडला की चिकटून राहिला पाहिजे. कागद मध्यभागी चिकटतो आणि कोपऱ्यांत गळून पडतो, तर श्राउड अपुरा आहे.

पाण्याबाबत थोडेसे

बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये घालू नये. त्यातला क्षार नळ्यांत बसतो. डिस्टिल्ड पाण्यात ३० ते ५० टक्के कूलंट मिसळावे. रेडिएटरची कॅप मूळ दाबाचीच असावी. जास्त दाबाची कॅप जुन्या, झाळलेल्या जोडांच्या रेडिएटरला फोडते. थर्मोस्टॅट काढून टाकू नये.

चाचणी

काम झाल्यावर गाडी उन्हात उभी करून आयडलिंगवर ठेवावी. विजेचा फॅन असेल तर तो सुरू व्हावा, मिनिट-दोन मिनिटांत काटा खाली यावा, फॅन बंद व्हावा आणि काही वेळाने पुन्हा सुरू व्हावा. असे तीन-चार फेरे नीट झाले तर व्यवस्था ठीक आहे. फॅन सुरू झाला आणि बंदच होईना, तर हवेची वाट किंवा रेडिएटर अजून कमी पडतो आहे. त्यानंतर रस्त्यावरची चाचणी घ्यावी. जोतिबाचा चढ यासाठी उत्तम आहे, कारण तो जवळ आहे आणि तापली तर गाडी बाजूला घ्यायला जागा मिळते; चैत्र यात्रेच्या आठवड्यात मात्र ही चाचणी घेऊ नये, कारण ऐन उन्हाळ्यात गर्दीतून रांगत जाणारी रांग ही कोणत्याही फॅनची सर्वांत कठीण परीक्षा असते आणि तिथे अडकलेली गाडी इतरांचीही वाट अडवते. जोतिबाचा चढ निभावला की मग कोकणातून परतीच्या घाटाचा विचार करावा.

घाटात काटा चढू लागलाच तर एसी बंद करावा, हीटर असेल तर तो पूर्ण चालू करावा, आणि काटा लाल पट्ट्यात जाण्याआधी गाडी बाजूला घ्यावी. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये, कारण हेडला तडा जातो. डिकीत एक जादा बेल्ट, दोन फ्युज, एक रिले, बेल्ट सैल करण्यापुरते पाने आणि पाच लिटर पाणी ठेवावे. पावसाळा संपल्यावर आणि तोडणीचा हंगाम संपल्यावर, अशी वर्षातून दोनदा जाळी, बेल्ट आणि अर्थचा बोल्ट यांची तपासणी करावी. तोडणीनंतरची तपासणी चुकवू नये, कारण लगेच पुढे एप्रिल-मेचा उन्हाळा येतो.